गुडघ्यातली अक्कल

हे वाचता वाचता एकदा उठा, आरशासमोर एका बाजूने उभे राहा आणि आपल्या पायाकडे बघा. मांडी आणि पोटरी एका सरळ ओळीत आहेत, की गुडघा मागच्या बाजूला जाऊन पायाला उलटी कमान आली आहे? कमान दिसली तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. नाही दिसली तरी वाचा, घरात कोणाच्या तरी पायाला ती असतेच.

माझ्या पायांना आहे. माझ्या आईच्या आहे आणि आमच्या पंधरा वर्षांच्या लेकीच्याही आहे. साताऱ्याच्या शाळेत 'सावधान' म्हटलं की मी गुडघे मागे ठोकून अशी उभी राहायची, की पीटीच्या बाई मला रांगेच्या पुढे काढून इतर मुलींना दाखवायच्या. वाकले की तळहात सपाट जमिनीला टेकायचे. अंगठा वाकवला की सरळ हाताला जाऊन चिकटायचा. पाहुणे आले की हे खेळ करून दाखवावे लागत आणि सगळे म्हणत, किती लवचिक आहे पोरगी! सांध्यांच्या बाबतीत लवचिक आणि सैल यांत फारसं अंतर नसतं, हे मला कळलं ते वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, शेफील्डमध्ये.

शेफील्ड तुम्ही पाहिलं नसेल तर सांगते. आमचं गाव सात टेकड्यांवर वसलंय, असं इथले लोक अगदी रोमच्या थाटात सांगतात. २०१४ साली टूर द फ्रान्सचा दुसरा टप्पा यॉर्कहून निघून आमच्याकडे संपला, तेव्हा जगातल्या त्या अव्वल सायकलपटूंना शेवटी जेनकिन रोडचा चढ चढावा लागला होता. एके ठिकाणी तो ३३ टक्के आहे. आमचं घर त्या बाजूला नाही, वॉकलीत आहे, पण तिथेही दूध आणायचं तर टेकडी उतरायची आणि तीच चढून परत यायचं. अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी वाढलेल्या बाईला त्याचं काय? वीस वर्षं काही वाटलं नाही.

मग एका नोव्हेंबरात, ओल्या पानांच्या दिवसांत, उतरताना डावा गुडघा गेला. 'गेला' हाच शब्द बरोबर आहे. पाय घसरला नाही, कशाला अडखळले नाही. पाऊल टेकलं आणि त्या क्षणी मांडीखाली पायच नाही असं वाटलं. वाटी बाहेरच्या अंगाला सरकली आणि आपली आपणच परत जागेवर बसली. तो आवाज मी लिहीत नाही. ज्यांनी ऐकलाय त्यांना माहीत आहे. कोणाच्या तरी घराच्या बुटक्या भिंतीवर बसून राहिले. मला पाहून आत पडदा हलला आणि एक आजोबा चहा हवा का विचारायला बाहेर आले.

सूज आणि दुखणं तीन-चार आठवड्यांत गेलं. भीती गेली नाही. आणि भीतीचं असं असतं की ती गुडघ्यात राहत नाही, दिवसभराच्या वेळापत्रकात शिरते. मी उतारावरचं दुकान सोडलं. बस एक स्टॉप पुढे जाऊन सपाटीवर उतरायला लागले. जिन्यावर दोन्ही हातांत काही धरायचं नाही, असा नियम झाला. मंडळाच्या मंगळागौरीला फुगडीसाठी कोणी हात पुढे केला की मी फोटो काढायला पळायची. घरात कोणाला काही खटकलं नाही, कारण प्रत्येक गोष्टीला माझ्याकडे दुसरं कारण तयार होतं. सहा महिन्यांत जग बरंच लहान होतं. पायऱ्यांची भीती बसली की पाय कमी वापरला जातो, वापरला नाही की मांडी वाळते, मांडी वाळली की गुडघा आणखी लटपटतो. ही साखळी मला माझ्या पायात नाही, आधी आईच्या पायात दिसली होती. तिच्याकडे येतेच.

जीपीने मला फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. वाट पाहायला लागली, ती इथे राहणाऱ्यांना सांगायला नको. शेवटी भेटली ती तिशीतली, अस्सल यॉर्कशरची मुलगी. इथे दुकानदारापासून बसड्रायव्हरपर्यंत सगळे सगळ्यांना 'लव्ह' म्हणतात, तशी तीही मला म्हणत होती. तिने आधी बेटन स्कोअर काढला. आमच्या शहराच्या एका टोकाला याच स्पेलिंगचं एक उपनगर आहे, त्यामुळे मला पहिल्यांदा बसच आठवली. पण हा बेटन म्हणजे पीटर बेटन हे डॉक्टर. १९७३ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेली ही नऊ गुणांची परीक्षा आजही वापरतात. करंगळी मागे ९० अंशांपलीकडे वळते का, अंगठा हाताच्या आतल्या बाजूला टेकतो का, कोपर १० अंशांहून जास्त उलटं जातं का, गुडघा तसाच जातो का. हे चारही दोन्ही बाजूंना बघतात, म्हणजे आठ गुण झाले. आणि गुडघे न वाकवता तळहात जमिनीला लागले तर नववा. लहानपणी पाहुण्यांसमोर केलेले सगळे खेळ! मला सात मिळाले. घरी येऊन लेकीला करायला लावलं, तिला आठ. गुण जास्त म्हणजे आजार, असं मात्र नाही. पुष्कळ माणसं अशा सांध्यांनी सुखाने जगतात, नाचतात, मल्लखांब करतात. सांधे वारंवार निखळत असतील, जोडीला इतर तक्रारी असतील, तर गोष्ट वेगळी, आणि ती डॉक्टरांनीच बघायची.

मग तिने शिवणाची टेप घेऊन वाटीच्या वर दहा सेंटिमीटरवर माझ्या मांड्या मोजल्या. उजवी ४४, डावी ४२. आणि मला म्हणाली, आता या दोन सेंटिमीटरचं बघू.

मी तिला विचारलं, सैल झालेलं घट्ट कसं करायचं? तिचं उत्तर मला तेव्हा आवडलं नाही, पण ते खरं आहे आणि तुम्हीही ऐकून ठेवा. हाडांना हाडांशी बांधणारे जे अस्थिबंध असतात, लिगामेंट्स, ते व्यायामाने आखडत नाहीत. लहानपणी आजोळी नवारीची खाट सैल झाली की आजोबा दुपारी बसून ती ओढून परत ताणून बांधायचे. गुडघ्याच्या आत तशी ओढायला गाठ नाही. तेल चोळून ते घट्ट होत नाहीत, डिंकाच्या लाडवांनी होत नाहीत, ऑनलाइन मिळणाऱ्या महागड्या गोळ्यांनी होत नाहीत. (तेल चोळून घ्यायला छान वाटतं, लाडू तर छान असतातच. दोन्ही सोडू नका.) पण गुडघा काही फक्त अस्थिबंधांवर उभा नसतो. मांडीच्या पुढच्या बाजूला चार स्नायू आहेत. ते चारही खाली येऊन एका जाड कण्डऱ्यात मिळतात, तो वाटीला धरतो आणि वाटीखालून पुढे नडगीच्या हाडाला जाऊन चिकटतो. वाटी म्हणजे या दोरातच बसवलेलं हाड आहे. चौघांपैकी आतल्या बाजूचा, गुडघ्याच्या वर थेंबाच्या आकाराचा दिसणारा स्नायू वाटीला आत ओढून धरतो, बाहेर सरकू देत नाही. मांडीच्या मागचे स्नायू नडगीला पुढे घसरू देत नाहीत. अस्थिबंध सैल असतील तर त्यांचं काम या स्नायूंनी उचलायचं असतं. आणि स्नायू कोणत्याही वयात वाढवता येतो.

गुडघा सुजला की काय होतं, हेही तेव्हाच कळलं. सांध्यात थोडंसं पाणी झालं तरी मेंदू मांडीच्या पुढच्या स्नायूंना आवर घालतो. दुखापत पंधरा दिवसांत बरी होते, पण तो आवर उठत नाही. स्नायू झोपून राहतो. म्हणून नुसती विश्रांती घेऊन असला गुडघा सुधारत नाही.

पहिला व्यायाम इतका क्षुल्लक होता की मला फसवल्यासारखं वाटलं. पाय लांब करून बसायचं, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवायची आणि गुडघ्याने ती खाली दाबायची. पाच सेकंद धरायचं, सोडायचं. दहा वेळा. उजव्या मांडीवर ताबडतोब गाठ उठली. डावीकडे काही नाही! मी दाबतेय, दाबतेय, आणि मांडी कणकेच्या गोळ्यासारखी मऊ. आपल्याच अवयवाने आपला निरोप घ्यायला नकार द्यावा, हा अनुभव चमत्कारिक आहे. तिने दोन बोटांनी तिथे टिचक्या मारल्या आणि म्हणाली, इथे लक्ष दे, लव्ह. आठव्या-नवव्या दिवशी तिथे काहीतरी हललं. तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन नवऱ्याला मांडी दाबून बघायला लावली, यावरून आनंदाची कल्पना करा.

पुढे पाय सरळ ठेवून वर उचलणं आलं, पाठीवर झोपून कंबर उचलणं आलं, खुर्चीतून हात न टेकता उठणं आलं. हे सगळं तुम्हाला कोणत्याही तक्त्यावर मिळेल, म्हणून लांबण लावत नाही. सैल सांध्यांच्या माणसांसाठी एक गोष्ट मात्र त्या तक्त्यांवर नसते. पाय सरळ म्हणजे सरळ, त्याच्या मागे नाही. आपल्याला मागे ठोकून उभं राहायची जन्माची सवय असते, कारण तसं उभं राहिलं की स्नायूंना कामच नसतं, सगळा भार अस्थिबंधांवर टांगलेला असतो. आता बसस्टॉपवर, ओट्यापाशी, मंडळाच्या भाषणांत मी गुडघ्यांना अगदी किंचित मोकळं सोडून उभी राहते. पहिला महिना या एवढ्यानेच मांड्या भरून येत.

सगळ्यांत जास्त फरक पडला तो जिन्याच्या शेवटच्या पायरीमुळे, म्हणून तिच्याबद्दल नीट सांगते. उतरताना गुडघा दगा देतो, चढताना तितका देत नाही, हे तुमच्याही लक्षात आलं असेल. चढताना मांडीचा स्नायू आखडत काम करतो. उतरताना त्याला लांब होत होत भार पेलायचा असतो, हळूहळू दोर सोडत विहिरीत बादली उतरवावी तसा. दोर हातातून सुटला की गुडघा गेला. तेव्हा सराव उतरण्याचाच करायचा. कठड्याला बोटं लावून सर्वांत खालच्या पायरीवर उभं राहायचं, एका पायावर भार ठेवायचा आणि चार आकडे मोजत दुसऱ्या पायाची टाच जमिनीला नुसती लावून परत वर यायचं. समोर आरसा हवा. गुडघा आतल्या बाजूला पडता कामा नये, पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहायला हवा. माझा आत पडायचा, आणि त्याचं कारण गुडघ्यात नव्हतंच, वर होतं. कुल्ल्याच्या बाजूचे स्नायू कमजोर असले की मांडीचं हाडच आत वळतं आणि वाटीला बाहेर जायला वाट मिळते. म्हणून कुशीवर झोपून गुडघे शिंपल्यासारखे उघडण्याचा व्यायामही मागे लागला. फक्त आतल्या थेंबासारख्या स्नायूचा वेगळा व्यायाम सांगणारे व्हिडिओ पुष्कळ आहेत, पण तो एकटा काही वेगळा काढता येत नाही. सगळी मांडी आणि कुल्ला मिळूनच बळकट करावा लागतो.

आपल्याकडे कोणाची अक्कल काढायची झाली तर ती गुडघ्यात आहे म्हणतात. मला आता ही शिवी वाटत नाही. गुडघ्याच्या आवरणात, अस्थिबंधांत, स्नायूंत असंख्य मज्जातंतूंची टोकं असतात आणि सांधा कुठल्या कोनात आहे, किती वेगाने वाकतोय, याची खबर ती मेंदूला सतत देत असतात. डोळे मिटूनही आपल्याला आपला पाय कुठे आहे ते कळतं, ते यामुळे. सैल सांध्यांत ही खबर बहुतेकदा अस्पष्ट येते. म्हणजे माझ्या गुडघ्यात अक्कल कमी होती! ती वाढवायचा उपाय म्हणजे एका पायावर उभं राहणं. चहाचं पाणी उकळेपर्यंत डावा पाय, दात घासताना उजवा. जमायला लागलं की डोळे मिटून, पण ओट्याला हात लागेल इतक्या अंतरावर. पहिल्यांदा डोळे मिटले तेव्हा मी दोन सेकंदांत ओटा पकडला. वय सांगणाऱ्या कुठल्याही दाखल्यापेक्षा हा दाखला स्पष्ट आहे.

फळ लगेच दिसत नाही, आणि यातच बहुतेक लोक सुटतात. पहिल्या काही आठवड्यांत जी ताकद येते ती स्नायू वाढल्यामुळे नसते, मेंदू आणि स्नायू यांचा संवाद सुधारल्यामुळे असते. टेपवर काही दिसत नाही. माझी डावी मांडी दोन महिने ४२ वरच होती. पाचव्या महिन्यात ४३ झाली. तोवर पायरी दहा वेळांची पंधरा, मग हातात पाण्याची बाटली, मग तांदळाची पाच किलोची पिशवी, असा भार वाढवत गेले होते. भार वाढवला नाही तर स्नायू आहे तिथेच राहतो. आठवड्यातून तीन दिवस, मधे एक दिवस सुट्टी. दुसऱ्या दिवशी मांड्या भरून आल्या तर हरकत नाही. गुडघा सुजला तर मात्र एक पायरी मागे यायचं. आणि गुडघा मुरगळल्यावर काही तासांत टम्म फुगला, मधेच अडकून सरळ होईना, पायावर भार टाकता येईना किंवा वाटी सरकून जागेवर येईना, तर हे सगळं बाजूला ठेवून आधी डॉक्टर.

आता आई. तिचं वय ७६. दादा-वहिनींबरोबर साताऱ्यात दुसऱ्या मजल्यावर राहते. इमारतीला लिफ्ट नाही. गुडघ्यांची झीज आहे, त्यात हा आमच्या घराण्याचा सैलपणा. दोन वर्षांपूर्वी उतरताना तिचा गुडघा असाच गेला. वहिनीने धरलं म्हणून पडली नाही, पण त्यानंतर ती खाली उतरायचीच बंद झाली. देवळात जाणं संपलं, भाजी वहिनी आणायला लागली, भिशीच्या बायका सुरुवातीला वर येत, मग येईनाशा झाल्या. फोनवर विचारलं की म्हणायची, "मला कुठे जायचंय आता? सगळं हातात मिळतंय." हे वाक्य तुमच्यापैकी कितीजणांनी फोनवर ऐकलं असेल! सात हजार किलोमीटरवरून आपण त्यावर "बरं, काळजी घे" एवढंच म्हणतो आणि ठेवून देतो.

झिजलेल्या गुडघ्याला जपायचं असतं, हे आपल्याकडे सगळ्यांना पाठ आहे. इथल्या नाइस या संस्थेच्या २०२२ सालच्या मार्गदर्शक सूचना उलट सांगतात. सांध्यांची झीज असलेल्या प्रत्येकाला व्यायाम सुचवा, स्नायू बळकट करायचाही सुचवा, आणि सुरुवातीला दुखणं थोडं वाढेल हेही त्यांना आधीच सांगा. मी हे आईच्या तिथल्या डॉक्टरांना दादाकरवी विचारलं. ते म्हणाले, करू दे की, खुर्ची भिंतीला लावून ठेवा.

रविवारी सकाळी माझे दहा वाजले की व्हिडिओ कॉल. थंडीत तिच्याकडे साडेतीन वाजलेले असतात, ते तिला चालतं. उन्हाळ्यात अडीच होतात आणि झोपमोड होते म्हणून ती ब्रिटिश सरकारला नावं ठेवते. एक परीक्षा असते, तीस सेकंदांत खुर्चीतून किती वेळा पूर्ण उठून बसता येतं. दोन्ही हात छातीवर ठेवायचे. अमेरिकेतल्या सीडीसीच्या तक्त्याप्रमाणे ७५ ते ७९ वयाच्या बाईला दहापेक्षा कमी जमल्या तर पडण्याचा धोका जास्त. हात टेकवावा लागला तर गुण शून्य. आईला पहिल्यांदा शून्य मिळालं. गणितात कधी पंच्याण्णवच्या खाली न आलेल्या बाईला शून्य! ती इतकी रागावली की मला वाटलं पुढच्या रविवारी फोनच घेणार नाही.

घेतला. खुर्चीवर दोन उशा ठेवून उंची वाढवली, तेव्हा हात न टेकता एकदा उठता आलं. मग तीनदा. चार महिन्यांनी एक उशी काढली. मी इकडे, ती तिकडे, बरोबरीने उठतो-बसतो. लेक कधी मधे येऊन बसते, आजीचे आकडे मोजते आणि स्वतःही चार पायऱ्या करते. तिला अजून काही त्रास नाही, नसावा. आईला हे आवडायचं खरं कारण मला नंतर कळलं. तिचे वडील तालमीत जायचे. जोर-बैठका काढणारे भाऊ अंगणात घाम गाळत असायचे आणि ही आत भाकरी करत असायची. "आम्हाला कोणी बैठका मारू दिल्या नाहीत," ती एकदा दम खात म्हणाली, "आता मारते."

मोजण्यावरून आमची भांडणं होतात. माझ्या हिशोबाने तिच्या सध्या तीस सेकंदांत आठ होतात. ती पहिलं उठणं धरून नऊ सांगते.

गेल्या मार्गशीर्षात एका बुधवारी ती वहिनीचा हात धरून, कठड्याला दुसरा हात लावून, प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत खाली उतरली. चौदा महिन्यांनी. फाटकाशी भाजीची गाडी उभी होती. वर यायला तिला बराच वेळ लागला, मधल्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे पाणी प्यायली, म्हणजे तिथे अर्धा तास गप्पा मारल्या. मग मला फोन केला. मी ऑफिसात होते, घाबरून बाहेर येऊन घेतला. गुडघ्यांबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. मेथीची जुडी केवढ्याला झाली आहे आणि वहिनी इतके दिवस त्या माणसाला न बोलता पैसे देत होती, हे मला आधी माहीत होतं का, एवढंच तिला विचारायचं होतं.